कुंकू नसलेला लखोटा

ठाण्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि शनिवारी सकाळी एका म्हाताऱ्या स्पॅनिश पाद्र्याला मराठी. सुधारक म्हणवून घ्यायची मला भारी हौस. बायकोला मी चोरून लिहायला शिकवलं होतं, आणि त्याचा मला कोण अभिमान!

ती पहिल्या बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेली होती. दिवस भरत आले होते. सासरे जुन्या वळणाचे; त्यांच्या घरून आलेल्या प्रत्येक लखोट्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट असे. कुंकू नसलं, तर आत वाईट बातमी समजायची. त्या शनिवारी टपालवाल्याने लखोटा दिला. वर मेव्हण्याच्या हातचा पत्ता. कुंकू नाही. मी चारी कोपरे पाहिले, उलटून पुन्हा पाहिले.

असं पत्र ओट्यावरच वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं, ही आमच्याकडची रीत. एरवी अशा रीतींना हसणारा मी, पण माझ्याने लखोटा फोडवेना. वाचलं की सुतक लागणार. वाचेपर्यंत तरी ती जिवंत होती. तो कोटाच्या खिशात घालून मी शिकवणीला गेलो.

पाद्रीबाबांना नेमका त्याच दिवशी मनाच्या अस्वस्थतेला शब्द हवा होता. त्यांच्या भाषेत 'इन्किएतुद', इंग्रजीत 'अनईझिनेस', मराठीत काय? मी सुटलोच. हुरहूर, तगमग, घालमेल, रुखरुख. त्यांनी फरक विचारला. हुरहूर घडण्याआधीची, रुखरुख घडून गेल्यावरची, असं मी ऐटीत सांगितलं.

"मास्तर, तुम्हाला ताप आहे काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. सगळा दिवस तसाच काढला.

रविवारी सकाळी धीर करून ओट्यावर उभा राहिलो आणि लखोटा फोडला. आत बायकोचं वेडंवाकडं अक्षर. मला आलेलं तिचं पहिलंच पत्र.

'जीव फार घाबरा होतो. आईला सांगितलं तर ती हसते. इकडून एकदा येणं व्हावं.'

ती आहे म्हणून मी आधी लहान मुलासारखा रडलो. मग लक्षात आलं. भावाकडून नुसता पत्ता घालून घेऊन चोरून पत्र पाठवणारी बाई कुंकवाचं बोट लावायला कुठे थांबणार? मिळेल त्या आगगाडीने मी कल्याण गाठलं.

मुलगा आदल्या संध्याकाळीच झाला होता. तो रडलाच नव्हता. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी मला उभं केलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"पत्र कधी मिळालं?" तिने विचारलं.

"आज सकाळी," मी म्हणालो.

"मग माझ्याच हातून लिहायला उशीर झाला."

पुढे चाळीस वर्षं संसार झाला. खरं काय ते मी तिला कधी सांगितलं नाही, आणि तिने पुन्हा हातात लेखणी धरली नाही.