चार किलोंची सुधारणा

माझ्या वडिलांच्या अंगात चार किलो पाणी मी स्वतःच्या हाताने भरलं.

बाबांचं हृदय कमजोर आहे. ("पंप चालू आहे, दाब नाही. आपल्या सोसायटीसारखंच," असं ते स्वतःच सांगतात.) दम लागू नये म्हणून ते तीन उशा घेऊन झोपतात आणि रोज सकाळी पाण्याची गोळी घेतात. ही गोळी अंगात साठलेलं पाणी बाहेर काढते. म्हणजे ती घेतली, की पुढचे दोन-तीन तास बाबांचा मुक्काम बाथरूमच्या आसपास.

ऑफिसातल्या एकाने ॲक्युपंक्चरचं डोक्यात भरवलं आणि मी हडपसरमधल्या एका मॅडमचं क्लिनिक गाठलं. मॅडम सरळ होत्या. "याने हृदय बरं होत नाही. झोप, थकवा यांत फरक पडला तर पडेल. डॉक्टरांना विचारून या, आणि गोळी एकही बंद करायची नाही." डॉक्टरही हेच म्हणाले. दोघांपुढेही मी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

पहिल्या दिवशी बाबांना टेकवून बसवलं आणि हातापायांत मिळून चौदा सुया टोचल्या. दहाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, "मला जायचंय."

"बाबा, अजून वीस मिनिटं आहेत."

"मला काय सांगतोस? गोळीला सांग."

सुया काढल्या. बाबा जाऊन आले. पुन्हा टोचल्या. बाबा पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला मॅडम सुई हातात धरूनच थांबल्या. "यांना दुपारी आणत जा ना."

दुपारी म्हणजे माझी अर्धी रजा. मी "बघतो" म्हटलं आणि क्लिनिकच्या दिवशी, म्हणजे एक दिवसाआड, सकाळची पाण्याची गोळी डब्यातून काढून ठेवायला लागलो.

"आज बारकी पांढरी दिसत नाही," बाबा म्हणाले.

"संध्याकाळी देतो."

"तू म्हणतोस तर."

संध्याकाळी मी विसरायचो. दर वेळी.

आता सुया अर्धा तास शांतपणे टिकू लागल्या. आणखी एक शुभवार्ता म्हणजे बाबांचं वजन वाढू लागलं. ते रोज सकाळी लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. (का, तेही सांगितलं होतं, पण तेव्हा मी ऑफिसचा फोन घेत होतो.) दोन किलो वाढल्यावर मी काट्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'बाबांची तब्येत सुधारतेय.' सतरा अंगठे आले.

"अहो, ते खातात अर्धी पोळी," मेधा, माझी बायको, म्हणाली. "वजन कशाचं वाढतंय?"

"अंगी लागतंय."

"अर्धी पोळी?"

तिसऱ्या किलोला बाबांच्या चपला घट्ट झाल्या. मी एक नंबर मोठ्या आणल्या. बाबांनी चौथी उशी मागितली. तीही कौतुकाने दिली.

चौथा किलो भरला त्या सकाळी बाबा खुर्चीत ताठ बसून होते. त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. "उशा... पुरेनात," एवढंच म्हणाले. गाडी चालवताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. हे गेले, तर अर्ध्या रजेपायी गेले.

ते वाचले. ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध दिलं आणि तीन दिवसांत सूज उतरली. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाण्याची गोळी चुकत होती का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच विसरायचो. वय झालं."

तिथे मी बोलायला हवं होतं. मी ऑक्सिजनची नळी न्याहाळत उभा राहिलो.

डॉक्टर बाबांवर उखडले. "आजोबा, मुलगा तुमच्यासाठी एवढी धावपळ करतो आणि तुम्ही गोळ्या विसरता? यापुढे डबा त्याच्याकडे द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "देतो. कुठली गोळी केव्हा घ्यायची, हे त्याला तुमच्यापेक्षाही जास्त कळतं."

डॉक्टर हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

आणि मी म्हणालो, "थँक यू."