ताप यावा म्हणून

सोफ्या-खुर्च्यांचं कापड बदलून देणारा कारागीर बारके खिळे तोंडात धरतो. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळे पुरवायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून मूठभर खिळे गालात ठेवायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा आणि ओठांवरून उचलून ठोकायचा. हे काम जन्मभर करत आलेल्या एका गृहस्थांना सगळी गल्ली खिळेमास्तर म्हणायची. आता ज्याच्या तोंडात दिवसभर खिळे, तो बोलणार कधी? दुकान मिटल्यावरही मास्तरांचं तोंड मिटलेलंच असायचं. घरी येऊन ‘हं’, ‘नको’ आणि ‘मीठ दे’ एवढ्यावर त्यांचा संसार तीसेक वर्षं व्यवस्थित चालला होता.

मास्तरीणबाई पोस्टात काउंटरवर होत्या. त्यांचं बोलणं भरपूर, पण ते काउंटरवरच खर्ची पडायचं. तिथे त्या नवऱ्याचं कौतुकही करायच्या. “आमच्या ह्यांना शिंकसुद्धा विचारून येते,” असं त्या सांगायच्या, आणि ते खरंच होतं. मास्तरांची तब्येत ठणठणीत. कधी अंथरूण धरलं नाही, कधी औषधाची बाटली उघडली नाही. आता ठणठणीत माणसाची चौकशी कोण करतो? गळत नाही त्या नळाकडे कोणी बघत नाही, तसं मास्तरांचं झालं होतं. पण ते त्यांना गेल्या हिवाळ्यापर्यंत कळलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मास्तरीणबाईंच्या थोरल्या भावाला फ्लू झाला. हे दादा म्हणजे निवृत्त बसचालक, एकटा जीव, दोन गल्ल्या सोडून राहणारे. धिप्पाड माणूस, पण ताप चढला तशी बहिणीने त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि आतल्या खोलीत मास्तरांच्या पलंगावर झोपवलं. मास्तर बाहेरच्या खोलीत, कामासाठी घरी आणलेल्या एका गिऱ्हाइकाच्या अर्धवट सोफ्यावर झोपायला लागले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते दाराआडून ऐकू येत होतं त्याचं.

बायको हसत होती. खळखळून. दादांना चमच्याने सूप भरवत होती, कपाळावरची पट्टी बदलत होती आणि बोलत होती, बोलत होती, बोलत होती. लहानपणी सर्कशीत जायचं म्हणून तिने शाळेला दांडी मारली होती. झोपाळ्यावर उभी राहून ती छताला पाय लावायची. आपण मोठेपणी ट्रॅक्टर चालवणार, असं तिने शाळेतल्या बाईंना लिहून दिलं होतं. हातातला डबा तसाच धरून मास्तर दाराबाहेर उभे राहिले. ज्या बाईबरोबर एवढी वर्षं काढली तिला ट्रॅक्टर चालवायचा होता, हे त्यांना त्यांच्याच घरात दाराआडून कळत होतं.

मास्तरांच्या मनात जी आग पेटली ती विझेचना. बायकोच्या सख्ख्या भावावर जळायचं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट. पण मत्सर काही नातं विचारून येत नाही. दादा बरे होऊन गेले तरी मास्तर आतल्या आत धुमसत राहिले. पुढे एकदा पटाशीची धार लागून त्यांचा अंगठा चांगलाच कापला. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, “पट्टी वरच्या कप्प्यात आहे हं.” वरच्या कप्प्यात! मास्तरांनी स्वतःच्या हाताने पट्टी बांधली आणि ते वाक्य जपून ठेवलं.

हिवाळा पुन्हा जवळ आला. दर वर्षी या सुमाराला मास्तरीणबाई नवऱ्याला घेऊन दवाखान्यात जायच्या आणि दोघं फ्लूची लस घ्यायची. यंदा पोस्टातच सगळ्यांना लस दिली, म्हणून त्या सकाळी म्हणाल्या, “अहो, माझी झाली. तुम्ही आज आठवणीने जाऊन या. दादा तर कालच घेऊन आला. मागच्या वर्षी उद्या-परवा करत राहिला आणि मग कशी फजिती झाली, पाहिलीत ना?”

पाहिली तर होतीच. तीच तर मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी सरळ हिशेब मांडला. आपण दर वर्षी गुमान दंड पुढे केला, आपल्याला काय मिळालं? वरचा कप्पा. त्याने टाळली, त्याला चमच्याने सूप मिळालं.

त्यांचा नंबर आला. सिस्टरने बाही वर करायला सांगितली. मास्तरांनी बाही वर केली नाही.

“सिस्टर, ही घेतली की ताप येतच नाही का?”

“अगदीच येत नाही असं नाही, काका. पण आला तरी बहुतेक वेळा हलका येतो. अंथरुणाला खिळायची पाळी सहसा येत नाही.”

हलका! मास्तरांना हलका नको होता. चमच्याने भरवावं लागेल असा ताप त्यांना हवा होता.

“उद्या येतो,” ते उठत म्हणाले.

“काका, साठीला आलात. या वयात उद्या-उद्या करू नका. फ्लू छातीत उतरला तर महागात पडतो.”

दंडावर कापूस नाही तर घरी पकडले जाणार, हे दुकानात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कापसाला दुकानात काय तोटा! एका जुन्या उशीचं पोट उसवून त्यांनी चिमूटभर कापूस काढला आणि कापडावर खुणा करायच्या कागदी चिकटपट्टीने दंडाला चिकटवला. कापूस जरा पिवळट होता, पण मास्तरीणबाईंनी बाहीवरूनच दंड चाचपला.

“दुखतंय का?”

“जरासं.”

“शहाणे आहात,” बायको म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेली. तो हात मास्तरांना टोचला. थोडाच वेळ, पण टोचला.

मग ते तापाची वाट बघू लागले. ताप काही येईना. बसमध्ये कोणी खोकलं की ते मुद्दाम शेजारी जाऊन उभे राहायचे, तरी तब्येत आपली लोखंडाची. शेवटी समोरच्या सलूनवाल्याने खुर्चीचं कापड बदलायला बोलावलं. सलूनवाला फणफणला होता, नाकाला रुमाल लावून कसाबसा उभा होता. “लांबूनच माप घ्या, मास्तर,” तो बिचारा म्हणाला. मास्तरांनी माप दोनदा घेतलं, वर त्याच्यासोबत बसून चहा प्यायला. आजाराला असं पाहुण्यासारखं आमंत्रण आजवर कोणी दिलं नसेल.

आला, ताप आला! सकाळी उठताना अंग मोडून निघालं, घशात काटे, डोक्यात हातोडी. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी पहिल्यांदाच बायकोला हाक मारली, “अगं, ऐकलंस का? मला ताप आहे.”

मास्तरीणबाईंनी पालथा हात कपाळाला लावला. “आहे की थोडा. पण लस घेतलीय ना तुम्ही? उतरेल मग. पाणी पीत राहा, गोळी टेबलावर ठेवलीय.” आणि पर्स खांद्याला लावून त्या पोस्टात गेल्या.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ज्या लबाडीने ताप मिळवला, तीच आता सूप मिळू देईना. मास्तर एकटे छताकडे बघत पडून राहिले. संध्याकाळी बायको आली, पुन्हा कपाळाला हात लावला आणि चप्पल न काढताच म्हणाली, “दादाला खोकला झालाय म्हणे. एवढ्यात बघून येते.”

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ताप इथे आणि सूप तिथे! तो खोकला दादांनी मुद्दाम काढला असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्या माणसाला कोणाचं सुख बघवतच नाही, असं ते उशीला म्हणाले. स्वतःला काय बघवत नव्हतं, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही बायको कामावर गेली. त्यानंतरच्या सकाळी मात्र मास्तरांना उठून बसवेना. दोन शब्द बोलले की धाप लागायची, छातीत सुई टोचल्यासारखं व्हायचं. हे काही त्यांनी मागितलेलं नव्हतं. दाराशी चप्पल घालत असलेल्या बायकोला ते म्हणाले, “जाऊ नकोस.”

“असं काय करता लहान मुलासारखं? लस घेतलेल्या माणसाला…”

“घेतली नाही.”

“काय?”

“लस. घेतली नाही मी. कापूस उशीतला होता.”

आता मास्तरीणबाई ओरडतील, असं मास्तरांना वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चप्पल काढली, फोन उचलला आणि डॉक्टरांना बोलावलं. नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. डॉक्टर आले, त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. “छातीत उतरलंय,” ते म्हणाले. “औषध लगेच सुरू करा. आज यांना एकटं सोडू नका. श्वास वाढला किंवा हे गुंगीत जायला लागले, तर मला विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.”

डॉक्टर गेले. बायको पलंगाशी स्टूल ओढून, नाकाला रुमाल बांधून बसली. तिने सूप केलं, चमच्याने भरवलं, कपाळावर पट्टी ठेवली. हवं होतं ते सगळं मास्तरांना एकदम मिळालं. पण खोलीत चूं की चां नाही. ती हसत नव्हती, बोलत नव्हती. त्यांच्या तोंडाकडेही बघत नव्हती. नजर सगळी छातीवरच्या पांघरुणावर, ते वर-खाली होतंय की नाही यावर.

दुपार झाली तरी तेच. शेवटी मास्तरांना राहवेना.

“बोल की काहीतरी.”

“काय बोलू?”

“दादाशी बोलत होतीस तसं. ट्रॅक्टर… सर्कस… ते.” त्यांना धाप लागली. “त्याच्यासाठीच तर…”

बायकोने पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “अहो,” ती सावकाश म्हणाली, “तुम्ही दादावर जळलात? म्हणून लस घेतली नाहीत?”

“हो.”

ती हसेल, असं त्यांना वाटलं. निदान रागावेल. तिने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि पुन्हा पांघरुणाकडे बघू लागली.

“दादा लहानपणापासून तापाला घाबरतो,” ती म्हणाली. “एवढा मोठा माणूस, पण अंग तापलं की रडायला लागतो. त्याला भीती वाटू नये म्हणून बडबडत होते मी. सुचेल ते. आज मला भीती वाटतेय. आज तुम्ही बोला.”

“मी?”

“तुमचा आवाज येत राहिला ना, की मला पांघरुणाकडे बघत बसावं लागणार नाही. थांबू नका फक्त.”

मास्तर गोंधळले. बोलायचं काय? त्यांनी मनात शोधून पाहिलं, तर तिथे एकच गोष्ट काठोकाठ भरलेली होती. मग त्यांनी तीच काढली. “तुझे पोस्टातले साहेब,” ते खरखरीत आवाजात म्हणाले. “त्यांनी तुला पेन दिलं होतं बघ. मला अजून राग येतो त्यांचा.”

“बरं,” ती म्हणाली. “आणखी?”

“खालच्या मजल्यावरचं कुत्रं. तू त्याला नावाने हाक मारतेस. मला ‘अहो’.”

“आणखी?”

“तुझी ती मैत्रीण. फोनवरची. तिला तू रोज काय जेवलीस ते सांगतेस.” दम खात, थांबत-थांबत मास्तर एकेकाला बाहेर काढू लागले. भाजीवाला निघाला, गाण्याच्या क्लासच्या बाई निघाल्या, लग्नात तिच्या शेजारी बसून फोटो काढून घेतलेला कोण तो चुलतभाऊ निघाला. बायको पट्टी बदलत होती आणि प्रत्येकाला ‘बरं’ म्हणत होती. मध्येच मास्तरांचे डोळे मिटले आणि आवाज बंद पडला.

“थांबलात का?” तिने घाबरून त्यांना गदागदा हलवलं. “अहो! थांबलात का?”

“आठवतोय,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “पुष्कळ जण आहेत.”