धोंडुबाईचा दुधी

माणसाला चाळीस दिवस पेजेवर ठेवलं की तो माणूस राहत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. चौऱ्याहत्तर साली ऐन दसऱ्यात मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण डॉक्टर ऐकेनात. म्हणाले, आतडी अजून कच्ची आहेत, उलट्या-जुलाबाचा एक झटका बसला तर आतून फाटतील, मग मला बोलवायला येऊ नका. झालं. सकाळी पेज, दुपारी ताक, रात्री पुन्हा पेज. घरातल्या भांड्यांवरसुद्धा मी चिडत होतो.

शेवटी एका गुरुवारी परवानगी मिळाली. मऊ भात आणि बिनतिखटाची दुधीची भाजी. दुधी मला जन्मात आवडला नव्हता. पण त्या दिवशी कालिंदी, म्हणजे आमची बायको, पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी खाटेवरून तिला दोनदा बजावलं की कोवळा बघून आण.

भाजी आमच्या राजारामपुरीच्या तोंडाशी, रस्त्याकडेला मिळायची. उचगावच्या चार-सहा बायका तिथं पोती टाकून बसत. मंडईपेक्षा स्वस्त, आणि पहाटे तोडलेली. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाला दुसरं काय परवडणार? त्यांतली धोंडुबाई सगळ्यात तोंडाळ. स्वतःच्या रानातलं माळवं बुट्टीत भरून डोक्यावरून चालत आणायची. नवरा पिराजी पिकाला पाणी पाजायचा, बाकी सगळं हिच्या अंगावर. कालिंदी आणि ती अकरा वर्षं रोज भांडत होत्या. मेथीच्या एका जुडीवर पाव तास. घ्यायची तर घ्या, न्हाईतर वाट सोडा, असं ती तोंडावर सांगायची आणि मग मूठभर कोथिंबीर फुकट पिशवीत कोंबायची. एवढी ओळख, पण एकीला दुसरीचं नाव माहीत नाही. ही तिला बाई म्हणे, ती हिला वैनी.

त्या गुरुवारी कालिंदीने तिला सांगितलं, आज आमच्या माणसाचं पथ्य सुटतंय. धोंडुबाईने ढीग उपसून सगळ्यात कोवळा दुधी आपल्या हाताने काढून दिला.

पुढचं मला मागाहून कळलं, पण आत्ताच सांगतो. तासाभराने खानावळवाला आकाराम तिच्याकडे आला. भारी संशयी माणूस. दुधी घ्यायचा तर नखाने टवका काढून जिभेला लावणार, मग बोलणार. त्याने लावला आणि थुंकला. धोंडुबाईने दुसरा चाखला, तोही कडूजहर. सगळे एकाच वेलाचे. असा कडू दुधी पोटात गेला तर धडधाकट गडीसुद्धा उलट्या-जुलाबाने आडवा होतो, हे शेतकरणीला शिकवावं लागत नाही. आणि त्याच वेलाचा एक वैनींच्या पिशवीत गेलेला. आजारी माणसासाठी, हिनेच निवडून दिलेला.

बाई तशीच उठली. बुट्टी शेजारच्या शालूबाईच्या हवाली केली आणि पळत सुटली. राजारामपुरीत गल्ल्याच गल्ल्या, नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही. आजारी मालक कुणाच्यात हाय, असं दारोदार विचारत ती सहावी गल्ली ओलांडून गेली. एकाने तिला भलत्याच घरी पाठवलं, तिथं एक म्हातारा कंबर धरून बसला होता. मग तिला सुचलं. घरदार ओळखत नसली तरी ती आमची भाजी ओळखत होती. वांग्याला हात न लावणारी, कढीपत्त्यावरनं भांडणारी आणि दर आठवड्याला पडवळ नेणारी वैनी कुठली, असं ती विचारू लागली. नवव्या गल्लीतली एक बाई लगेच म्हणाली, पडवळ व्हय, मग ते हेर्लेकरांच्यात. वास येतो की.

इकडे भाजी शिजून तयार. आता कुणी म्हणेल, रांधताना बायको चाखत नाही का? आमच्यात नाही चाखत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लावलं की ते उष्टं झालं, ही आमच्या आईची शिस्त, आणि कालिंदी ती आईपेक्षा कडक पाळायची. नैवेद्य झाला. देवांनी काही तक्रार केली नाही. माझं ताट वाढलं, मी भात कालवला, घास उचलला.

“खाऊ नगा. वैनी, ताट काढा म्होरनं.”

दारातून एक बाई सरळ स्वयंपाकघरात घुसली. धुळीचे पाय, घामाने निथळलेली. मी असा भडकलो म्हणून सांगू. चाळीस दिवसांनी ताट समोर आलेलं आणि ही कोण टपकली? हिला आधी बाहेर काढ, असं मी कालिंदीवर ओरडलो आणि हट्टाने घास तोंडाशी नेला. बाईने माझ्या हाताला असा फटका मारला की भात भिंतीला जाऊन चिकटला.

मग तिने ताटातली भाजी बोटावर घेऊन चाखली, तोंड वाकडं केलं आणि मटकन खाली बसली. कालिंदीनेही बोट लावलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मालक, प्वाटात गेलं न्हाई न्हवं? एक घासबी न्हाई?”

तीनदा विचारलं तिने. मी तीनदा नाही म्हणालो. तेव्हा कुठे ती पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. कालिंदीने तिला पाणी दिलं. देता देताच तिचं नाव विचारलं. मीही रडलो. जीव वाचला म्हणून रडलो, आणि लाज सोडून सांगतो, भाजी गेली म्हणूनही थोडा रडलो. त्या दिवशी पुन्हा ताकच प्यालो, पण चिडलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धोंडुबाई दारात हजर. हातात एकच दुधी, आणि त्याच्या टोकाला दातांनी चावा घेतलेला.

“दुसऱ्या वेलाचा हाय. चाखूनच आनलाय. ग्वाड हाय.”

दातांच्या खुणा चांगल्या ठसठशीत दिसत होत्या. मी कालिंदीच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं, एवढा तुकडा ती गुपचूप कापून टाकेल. तिने दुधी दोन्ही हातांनी घेतला, विळीवर बसली आणि ते टोक चिरून बाकीच्या फोडींतच टाकलं. भाजी झाल्यावर पहिली वाटी देवापुढे ठेवली, हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

मग मला वाढली. मी तीनदा मागून घेतली.