झुलालच्या शेतातली माती

दीपचंदचे आजोबा राजस्थानातून धुळ्याजवळच्या सोनगीरला आले ते डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन. दीपचंदने मात्र कापडाच्या धंद्याला हात लावला नाही. त्याने हायवेच्या कडेला खतं, बियाणं आणि औषधांचं दुकान टाकलं. कीटकनाशकाला आपल्याकडे औषधच म्हणतात, म्हणून हा धंदा जैनाच्या घरात खपून जातो, असं तो हसत सांगायचा. बायको कुसुमलता हसायची नाही. "नाव बदललं की पाप बदलतं होय?" असं ती विचारायची. दीपचंद तोवर चपला घालून दुकानाकडे निघालेला असायचा.

सोनगीरच्या किल्ल्याच्या मागल्या अंगाला झुलालचं चार एकर रान. झुलाल आणि दीपचंद शाळेत एका बाकावर बसले, एकाच दिवशी नापास झाले आणि दोघांनी मिळून ती बातमी घरी तीन दिवस दाबून ठेवली. दीपचंदच्या वरातीत घोडीचा लगाम धरायला सख्खे भाऊ असताना झुलाल पुढे होता. असल्या दोस्तीत हिशेब कोण ठेवतो!

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दुसऱ्या दिवशी झुलाल दुकानाची पायरी चढायचा. भुईमुगाच्या मुळ्या खाणारी हुमणी अळी त्याच्या रानात फार. तिच्यासाठी पेरणीच्या वेळी मातीत टाकायचं दाणेदार औषध तो न्यायचा. पुडीवरचं नाव वाचायचा नाही. "नेहमीनं दे," एवढंच म्हणायचा. एकदा दीपचंद म्हणाला, या साली दुसरं दाखवू का? झुलालला राग आला.

"जे लागू पडस ते कसाले बदलानं?"

दीपचंदने नेहमीची पुडी काढून दिली. दोस्ताला नाराज करून दुसरी पुडी गळ्यात मारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. अशी अकरा वर्षं तेच औषध, त्याच रानात, आणि मायेपोटी दोन मुठी जास्तच. दोघांचीही ही चूक होती, पण ती चूक आहे हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

गेल्या साली औषधाने दगा दिला. पाऊस जास्त झाला, धुऊन गेलं असेल, असं दोघांनी ठरवलं. या साली तर जुलैतच ओळीच्या ओळी माना टाकू लागल्या. रोप धरून ओढलं की अलगद हातात येई, खाली मुळी कुरतडलेली, आणि मातीत पांढऱ्या लठ्ठ अळ्या आरामात पडलेल्या. झुलाल दुकानात आला, बाकावर बसला, चहा प्याला, पावसाचं बोलला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर कृषी खात्याचे दोन अधिकारी. बनावट औषध विकून फसवणूक केल्याचा अर्ज होता. खाली सही झुलालची. त्या सहीतला वाकडा 'झ' दीपचंदने शाळेच्या पाटीवर पाहिला होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. अधिकाऱ्यांनी नमुने घेतले, गोण्यांना सील ठोकलं आणि विक्रीबंदीचा कागद हातात दिला. दीपचंदला त्या कागदाचं काही वाटलं नाही. त्याला सारखा तो चहा आठवत होता.

महिनाभर दुकानात विकण्यासारखं राहिलं ते विळे आणि दोरखंड. ऑगस्टच्या मध्याला प्रयोगशाळेचा अहवाल आला. औषध अस्सल, पुरेपूर ताकदीचं. दीपचंदने तो कागद दुकानाच्या दारावर चिकटवला आणि झुलालची वाट पाहत बसला. झुलाल आला नाही. तो बाजारात चारचौघांत म्हणाला, "शेठलोकस्ना रिपोर्ट असाच येतस."

शेठलोक! ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला, तो पन्नाशी उलटल्यावर एकाएकी शेठलोक झाला. दीपचंद त्या दिवशी दुपारी जेवला नाही, आणि का जेवत नाही हे विचारायची कुसुमलतेला गरज पडली नाही.

औषध अस्सल आणि हुमणी जिवंत, मग खोटं कोण बोलतंय? हे शोधल्याशिवाय आपलं नाव धुतलं जाणार नाही, हे त्याला पक्कं कळलं. धुळ्याला मातीचं शास्त्र शिकवणारी हेमांगी पाटील नावाची बाई आहे, असं कोणी सांगितलं. तो जाऊन तिच्यासमोर बसला. तिने सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"एकाच रानात, सलग अकरा वर्षं, तेच औषध?"

"हो."

"मग मला औषध नको. माती हवी."

झुलालच्या रानात पाय ठेवणं दीपचंदला जमणार नव्हतं. हेमांगीच स्कूटरवर गेली आणि झुलालची बायको भागाबाई हिच्याकडून पिशव्या भरून माती घेऊन आली. दीपचंदने हट्ट धरला, जे काय करायचं ते माझ्या डोळ्यांदेखत करा. मग त्याच्या गोदामात तीन डबे मांडले. पहिल्यात झुलालच्या रानातली माती. दुसऱ्यात बांधावरची, जिला औषध कधी शिवलं नाही अशी. तिसऱ्यात पुन्हा झुलालचीच, पण कुकरमध्ये वाफवलेली. मातीतले जीव मरतात म्हणून ज्या घरात बटाटा येत नाही त्या घरातला कुकर! कुसुमलतेने तो दोन बोटांत धरून दिला आणि सांगितलं, हा परत स्वयंपाकघरात आणायचा नाही. तिन्ही डब्यांत औषध सारखं मिसळलं. बारा दिवसांनी हेमांगीने त्यांत हुमणी सोडली. दीपचंद तेवढ्यापुरता बाहेर जाऊन उभा राहिला.

आठवड्याने डबे उपडे केले. बांधाच्या मातीतली हुमणी मेलेली. वाफवलेल्या मातीतलीही मेलेली. झुलालच्या कच्च्या मातीतली मात्र टुणटुणीत, वळवळत होती.

"तुमचं औषध खाऊन टाकलं," हेमांगी म्हणाली.

"हुमणीने?"

"नाही हो. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात. त्यांतल्या काहींना हे औषध तोडून त्याच्यावर जगता येतं. पहिल्या वर्षी ते मूठभर असतील. तुम्ही दर साली तेच ताट वाढलं, तसे ते वाढत गेले. आता औषध पडलं की हुमणीपर्यंत पोचायच्या आत ते त्याचा फडशा पाडतात. वाफवलं तेव्हा ते मेले, म्हणून तिथे औषध टिकलं." ती खुशीत होती. "विषारी जमीन साफ करायला असे जीवाणू लोक शोधत फिरतात, शेठजी. तुमच्या दोस्ताने ते घरच्या घरी पोसले."

दीपचंदच्या छातीवरचा दगड उतरला. औषध खरं, तो खरा, आणि झुलालही त्याच्या परीने खरा! बिचाऱ्याची रोपं मेली, त्याला वाटलं फसलो. माणूस चुकतो. त्याने मनातल्या मनात झुलालला माफ करूनसुद्धा टाकलं.

हेमांगी डबे धूत म्हणाली, "पण माणूस हुशार आहे हं. जूनमध्येच त्यांनी चार ओळींत धुळ्याच्या दुसऱ्या दुकानातलं हेच औषध टाकून पाहिलं होतं. भागाबाईंनी त्या ओळी दाखवल्या ना मला. तिथेही हुमणी मेली नाही. तेव्हाच त्यांच्या लक्षात यायला हवं होतं की दोष दुकानाचा नाही."

दीपचंदने विचारलं, "अर्ज जुलैतला आहे. त्या ओळी कधी मेल्या?"

"सगळ्या बरोबरच मेल्या म्हणे."

म्हणजे बाकावर बसून चहा पिताना झुलालला माहीत होतं.

संवत्सरीच्या दिवशी जैन माणूस वर्षभरात दुखावलेल्या सगळ्यांची हात जोडून क्षमा मागतो. दीपचंद गावात फिरून परतला तर झुलाल दुकानात उभा. हेमांगीने त्यालाही सगळं समजावून सांगितलं होतं.

"चुकी गऊ रे दीपचंद," तो म्हणाला आणि हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."

"त्या चार ओळीस्नं काय?"

झुलालने जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "घरमा बठ्ठा लोके मना अंगवर उठेल व्हतात. दोन साल पीक गय, तूच त्या दुकानना नादी लागना, असं पोऱ्या म्हणेत. कोनं तरी नाव सांगनं पडे. धुळावालानं लिहितू तं तो माले कोर्टमा वढता. तू काही करशी नही, हाई माले माहीत व्हतं."

भीतीने केलं, पोरांनी भरीस पाडलं, असलं काही ऐकायची दीपचंदने तयारी ठेवली होती. आपण उलटून वार करणार नाही म्हणूनच आपल्याला निवडलं, हे ऐकायची नव्हती. चाळीस वर्षांच्या चांगुलपणाचा झुलालने असा उपयोग केला होता! दीपचंदने हात जोडले आणि क्षमेचे शब्द अक्षरही न गाळता म्हटले.

मग गल्ल्यावरचा कागद ओढला आणि हेमांगीने सांगितलं होतं ते लिहिलं. तीन साल हे औषध बंद, त्याऐवजी कोणतं, किती, कधी. दोन मुठी जास्त टाकायच्या नाहीत, याच्याखाली रेघ मारली. कागद झुलालच्या हातात दिला.

"हाई औषध धुळाले भेटस," दीपचंद म्हणाला. "मना दुकानमा आते येऊ नको."