जुनी बॅटरी कुठाय?

दुकानदारानं माझी पिशवी काउंटरवर उपडी केली. गिऱ्हाइकांसमोर. ओढणी, कंगवा, पाळीसाठी ठेवलेल्या कापडाच्या घड्या. सगळं उघड्यावर. बाकावर माझी आई बसलेली. मी कुठं काम करते ते बघायला पेठ तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहिल्यांदाच आली होती.

नाशकात कॉलेज रोडला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं ते. दोन हजार सालानंतरचा काळ. कोर्स करून मी तिथं लागले. मालकाला भाऊ म्हणायची. राखी बांधायची. काम त्यांनीच शिकवलेलं.

त्या सकाळी एक डॉक्टर लॅपटॉप ठेवून गेले. लाइट गेली की लगेच बंद पडायचा. मी तो पूर्ण चार्ज केला, वायर काढली. "बघ आता," आईला म्हटलं. जरा वेळानं स्क्रीन काळी. बॅटरी कामातून गेलेली. भाऊंना विचारून नवी बसवली, परत वायर काढली. आता चालत राहिला.

"तूच केलंस?" आईनं विचारलं. चेहरा नुसता फुललेला.

डॉक्टर न्यायला आले. "जुनी बॅटरी कुठाय? ओरिजिनल होती ती."

"तुमच्या बॅगेत ठेवलीय, सर. मागच्या कप्प्यात."

त्यांनी बॅग उघडलीच नाही. माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याकडे. भाऊंना म्हणाले, "आदिवासी का? असले लोक कामावर ठेवता, मग सामान सांभाळा."

मला वाटलं, भाऊ बोलतील. भाऊंनी माझी पिशवी ओढली.

तेव्हा आई उठली. हात जोडले. "चुकलं आसंल, सायेब. पोर हाय. माफ करा." काय चुकलं ते तिला ठाऊक नव्हतं. तरी वाकली. पार पायांपर्यंत.

पिशवीचं मी सोसलं असतं. हे नाही.

आईला दंडाला धरून उभं केलं. डॉक्टरांच्या बॅगेचा कप्पा उघडला. कागदात गुंडाळलेली बॅटरी त्यांच्यापुढं ठेवली.

"अरे, इथंच होती की!" डॉक्टर हसले. भाऊही हसले. "जाऊ दे गं. सरांना चहा सांग."

"नाही सांगणार. आधी माझ्या आईची माफी मागा. दोघंही."

"जीभ लय चालायला लागली तुझी," भाऊ म्हणाले.

कुणी माफी मागितली नाही. सामान गोळा केलं, आईला घेऊन निघाले. परत कधी त्या दुकानाची पायरी चढले नाही.

एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. गाव जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "माझ्यामुळं तुझं काम गेलं का गं?"

मी नुसती रडत राहिले.

आई पुन्हा नाशकात आली नाही. आता तर ती नाहीच. लोक सांगतात, जुनं झालं, विसर. मी विसरणार नाही. चोर ठरवणारा कुणीही असो, आधी पुरावा मागेन. आणि माझ्या घरातलं माणूस यापुढं कुणापुढं वाकणार नाही.