सगळ्यांपाशी आपापली

एकटीने काम केलं की किस्से जास्त साचतात. चार माणसं असली की ते संध्याकाळच्या चहावर बोलून संपतात. माझे तसेच पडून आहेत.

बंगळुरूला शिकून, नोकरी करून देवरीजवळच्या आमच्या गावी आत्याकडे परतले, ते एक खूळ घेऊन. गावाची वेबसाइट गावानेच चालवायची, कुठल्या कंपनीच्या मर्जीवर नाही! साध्या मजकुराच्या फायली आणि गिट, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. ज्याच्याकडे कॉम्प्युटर, त्याच्याकडे अख्खी साइट, जुन्या सगळ्या बदलांसकट. प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव आणि काय बदललं याची एक ओळ.

चार-पाच घरी बसवून दिलं. माझे बदल सगळीकडे आपोआप पोचायचे. बंगळुरूच्या कंपनीने नोकरीवर परत येण्यासाठी होळीपर्यंत मुदत दिली होती. मी ठरवलं, तोवर बदलांच्या यादीत माझ्याशिवाय एक जरी नाव दिसलं, तर राहायचं.

*

सरपंचकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग मालक कोन?"

"कोणीच नाही, काका. सगळेच."

"म्हंजे बिघडलं तं शिव्या कोनाले द्याच्या?"

"मला."

"मंग तूच मालक."

*

दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की गिट अडतं आणि दोन्ही ओळी बाणांच्या खुणा करून समोर ठेवतं. त्याला टक्कर म्हणतात. मी तिची फार वाट पाहिली. टक्कर म्हणजे दुसरं कोणीतरी आहे.

दिवाळीनंतरच्या मंडईची, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेची, तारीख बदलली तेव्हा ती झाली. एक तारीख माझ्या लॅपटॉपवरून, दुसरी आत्याच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरून. दोन्ही मीच लिहिलेल्या.

घाईत दोन्ही तारखा बाणांसकट साइटवर गेल्या आणि पाहुणे दोन्ही दिवशी आले. आत्याने दोन्ही दिवस स्वयंपाक केला. "आता बाण काढलेस, उद्या भाला काढजो," म्हणाली.

*

शाळेच्या ओट्यावर एकदा करून दाखवलं. मजकूर पुसला, परत आणला. धानाची पोती उतरवून आलेले देवाजीकाका मागे उभे होते.

"गेलेलं सगळं वापस येते?"

"सगळं येतं."

"माह्या पोराले रायपूरहून आनून दाखव."

सगळे हसले. काकाही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

*

आत्या फोनवर कोणाला तरी सांगत होती, "नाही वो, नोकरी सोडून नाही आली. घेऊनच आली. पगार तेवढा तिकडे इसरली."

*

होळी आली. यादीत वरपासून खालपर्यंत माझंच नाव. बॅग भरली आणि निरोप घ्यायला सुमनकाकूंच्या पिठाच्या चक्कीवर गेले. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरवर मी सगळ्यात आधी साइट बसवली होती.

चक्कीच्या कोपऱ्यात तो चालूच होता, कीबोर्डवर पिठापासून बचाव म्हणून प्लास्टिक. सहज यादी उघडली.

सुमन. खाली पुन्हा सुमन. त्याच्याही खाली.

"बाण काढले. मंडईची खरी तारीख ठेवली."

"पट्टा तुटला, चक्की सोमवारी बंद."

"मोहफुलं पडाले लागली. जंगलाची वाट लिवली."

सगळं फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर होतं.

"काकू, हे मला पाठवलं का नाही?"

"पाठवा लागते का?" काकू पिठाचे हात झटकत म्हणाल्या. "तूच तं म्हणलीस, सगळ्यांपाशी आपापली असते."

"मग हे वाचतं कोण?"

"दळन घेऊन येते तो वाचते. तुझी आत्याबी वाचते."

सर्वांत वरची ओळ त्याच सकाळची होती: "वेबसाइटवाली पोरगी जाऊन राहिली. आता आपल्यालेच पाहा लागते."

मी खुर्ची ओढली. "बसा काकू, कसं पाठवायचं ते दाखवते."

"मी कायले पाठवू?" काकूंनी पुढचा डबा चक्कीत रिकामा केला. "तू घे ना माह्याकडून."