पेट-फ्रेंडली म्हणजे कुणासाठी? राणीला घेऊन शिवराजपूरपलीकडच्या डोंगरावर

ही पोस्ट शांत डोक्याने लिहायची ठरवली होती. आठवडा झाला, डोकं काही शांत होत नाही. म्हणून आता रागातच लिहितेय.

राणी आमची कुत्री. पिवळसर, एक कान उभा, एक पडलेला, अस्सल देशी. खरं तर ती बाबांची. आई गेल्यावर बाबा बडोद्यातल्या वासण्याच्या आमच्या फ्लॅटमधून बाहेरच पडेनात. मग एक दिवस सोसायटीच्या गेटवरचं हे पिल्लू त्यांच्या मागोमाग जिना चढून आलं आणि राहिलंच. तिला फिरवायच्या निमित्ताने बाबा परत माणसांत आले. कोयलीच्या रिफायनरीत उभी हयात नोकरी केलेला माणूस. "माझे गुडघे आहेत तोवर राणीला एक डोंगर दाखवू," असं दिवाळीपासून चाललं होतं.

कुत्र्याला घेऊन जाणार असाल तर आधी एवढं बघा: जांबुघोड्याच्या अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पावागढला माणसं आणि माकडं, दोन्ही फार. म्हणून मी शिवराजपूरच्या पुढे, अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा एक बुटका डोंगर शोधला. पायथ्याशी एक फार्मस्टे. फोटोखाली ठळक अक्षरात 'पेट-फ्रेंडली'. तरी मी दोनदा फोन केला. त्यांनी राणीचं वजन विचारलं, लशी विचारल्या. "वेलकम छे बेन, वेलकम!"

फेब्रुवारीतल्या शनिवारी भल्या पहाटे निघालो. रस्ता उत्तम, हालोलला चहा-गाठिया, तिथून पुढे गर्दी संपते. तुरीची शेतं, कापूस, आणि मध्येच पेटल्यासारखा एखादा पळस. राणी खिडकीतून नाक बाहेर काढून बसलेली. बाबा तिला प्रत्येक गोष्ट दाखवत होते, "ती बघ म्हैस."

फार्मस्टेच्या व्हरांड्यात एक गोल्डन रिट्रीव्हर पंख्याखाली पसरला होता. त्याच्यासाठी गादी, स्टीलचं भांडं. मॅनेजर हसत पुढे आला, राणीला बघितलं आणि थांबला.

"आ तो देशी छे."

"हो, मग?" मी म्हटलं.

"बेन, पेट-फ्रेंडली एटले ब्रीडवाळा डॉग. आ रूममां नहीं चाले. बीजा गेस्टने तकलीफ थाय." दुसऱ्या पाहुण्यांना त्रास होतो म्हणे. मग मोठी मेहेरबानी केल्यासारखं मागे बोट दाखवलं. जनरेटरच्या शेडजवळ तिला बांधता येईल म्हणे.

मी तोंड उघडलं. बाबांनी माझा दंड धरला. "जाऊ दे गं. आधी डोंगर चढू. ऊन व्हायच्या आत."

त्या क्षणी मला मॅनेजरपेक्षा बाबांचा राग जास्त आला. आयुष्यभर ऐकलेलं हे 'जाऊ दे'!

वाट सोपी आहे. सुरुवातीला सागाची वाळकी पानं पायाखाली चुरचुरतात, वर खडक लागतो. कुत्र्याला दोरी लावूनच न्या, वाटेत शेळ्या असतात. पाणी भरपूर घ्या, वर थेंब नाही. आणि जमिनीकडे बघत चाला, कारण पिकनिकवाल्यांनी बाटल्या फोडून ठेवल्यात. राणी पुढे, बाबा मागे, मी काचा उचलत आणि मनातल्या मनात शिव्या देत सगळ्यात शेवटी.

माथ्यावर वारा होता. चारी बाजूंना टेकड्या, खाली कौलारू घरं, लांब पावागढ. राणी खडकावर उभी राहून वाऱ्याचा वास घेत राहिली. बाबांनी तिला वाडग्यात पाणी पाजलं आणि अचानक म्हणाले, "नोकरी लागली तेव्हा आम्ही नागरवाड्यातल्या खोलीतून बाहेर पडणार होतो. कॉलनीत क्वार्टर मिळेना म्हणून भाड्याचं घर बघितलं. मालकाने चहा पाजला, मग आडनाव विचारलं. मग विचारलं, मटण-मच्छी खाता? तुझी आई खरं बोलली. चहा संपेपर्यंत ते घर दुसऱ्याला दिलेलं निघालं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? जाऊ दे म्हणालो. तुझी आई घरी येईपर्यंत बोलली नाही माझ्याशी."

मी वाडगा बॅगेत टाकला. आम्ही उतरायला लागलो.

खाली मॅनेजर साखळी घेऊनच उभा होता. लोखंडी, जाड. राणीने ती बघितली आणि बाबांच्या पायांमागे शिरली. त्याने तिचा पट्टा धरायला हात पुढे केला, तेव्हा बाबांनी तो हात धरला. हळूच, पण सोडला नाही.

"भाई, तमे एनी जात पूछी?" तिची जात विचारलीत तुम्ही?

"काका, एवुं नथी. बहार बधी व्यवस्था करी आपीशुं..." तसं नाही, बाहेर सगळी सोय करून देतो म्हणे.

"बहार तो अमे बहु रह्या," बाबा म्हणाले. बाहेर फार राहिलो आम्ही. "हवे नहीं." आता नाही. आवाज चढला होता. मी बाबांचा चढलेला आवाज घरातसुद्धा ऐकलेला नाही. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. रिट्रीव्हरची मालकीण उठून म्हणाली, "आम्हाला काही त्रास नाही हो, राहू दे ना आत." म्हणजे त्याने ज्यांच्या नावाने आम्हाला बाहेर काढलं, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं!

मॅनेजर लगेच खोलीची किल्ली घेऊन आला. बाबांनी ती घेतली नाही. आम्ही बॅगा परत गाडीत टाकल्या.

रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर मक्याचा रोटला आणि रिंगणाचं, म्हणजे वांग्याचं, भरीत खाल्लं. ढाब्यावरच्या बाईंनी राणीकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "रोटला खाय छे?" तिने दोन खाल्ले. संध्याकाळी बडोद्यात घरी.

आता तुम्ही विचाराल, जावं का? डोंगरावर जरूर जा. दिवसात जाऊन परत येता येतं, मुक्कामाची गरजच नाही. राहायचंच असेल तर फोनवर स्पष्ट विचारा: देशी चालेल का? हे वाक्य लिहितानाही मला चीड येतेय. का विचारायचं आपण?

बाबांचे गुडघे दोन दिवस दुखले. दुसऱ्या दिवशी तेल लावता लावता मी म्हटलं, "आईला आवडलं असतं तुमचं कालचं बोलणं."

ते राणीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"उशीर केला मी," म्हणाले.